महिला मजल्यावरील चार पँटी

प्रति,
मा. अधीक्षक,
वृद्ध निवास, मुख्य इमारत

विषय : शनिवारच्या वाटपापूर्वी माझ्या चार पँटी मला परत मिळण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे सहा अर्ज व त्यांपैकी एकास आलेले आपले उत्तर.

महोदय,

१. मी महिला मजल्यावर खाट क्रमांक सतरावर राहते. वय एकोणऐंशी. बंदरावर एकतीस वर्षे क्रेन चालवली. शिडी चढायची म्हणून आईने वडिलांची जुनी पँट उसवून मला पहिली पँट शिवून दिली. लोक नावे ठेवतील, असे मी म्हटले, तेव्हा ती म्हणाली, "ठेवू देत. तू एवढ्या वर असशील, तुला कुठे ऐकू येणार?" तेव्हापासून मी पँटच घालते. थोरली बहीण जन्मभर झालरीचे झगे घालून मिरवली. आम्ही दोघीही बायकाच होतो. मागील चौकशीत विचारणा झाली, म्हणून हा खुलासा.

२. येथील धोबीखान्यात धुतलेले कपडे प्रकारानुसार लावतात. गाऊन महिला मजल्याकडे, पँटी पुरुष मजल्याकडे. माझ्या ओळखू याव्यात म्हणून मी कमरपट्टीच्या आत लाल दोऱ्याने सतरा आकडा भरला. पुरुष मजल्यावरही खाट सतरा आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. पूर्वी भरकटून का होईना, परत येणाऱ्या पँटी त्यानंतर अचूक तेथे जाऊ लागल्या.

३. त्या खाटेवरचे गृहस्थ पूर्वी न्हावी होते. भला माणूस. जेवणाच्या हॉलमध्ये मला म्हणाले, "ताई, तुमच्या पँटी मला चार बोटं लांब होतात. त्यापेक्षा तुमचा गाऊन द्या, उकाड्यात तोच बरा." ते तीन पँटी घेऊन वर येत असता वॉर्डनबाईंनी त्यांना जिन्यात अडवले, कारण पुरुषांना वर मनाई आहे. मी आणायला गेले, तर पुरुषांचे कपडे महिलांनी नेण्यास मनाई. चौथी पँट मी बेसिनमध्ये धुऊन खिडकीत वाळत घातली. ती जप्त झाली व माझ्याकडे कोण पुरुष येतो, याची चौकशी लागली. या वयात असला बहुमान नाकारणे जिवावर आले, पण नाकारला. जप्त पँटही आकडा पाहून न्हाव्यांच्याच कपाटात गेली.

४. आपण लेखी कळवले, की महिला रहिवाशांच्या कपड्यांच्या यादीत पँट हा प्रकार नसल्याने ती हरवली, असे धरता येत नाही.

५. गेल्या रविवारी ते गृहस्थ वारले. त्यांचे कपडे शनिवारी पुरुष मजल्यावर वाटले जाणार आहेत. मागणी फक्त नातेवाईकाला करता येते, असे भांडारातील कारकुनाने सांगितले. मी त्यांची कुणीच लागत नाही. चौथी पँट जप्त झाल्यापासून, म्हणजे बारा दिवस, मी जेवायला खाली उतरलेले नाही. गाऊनविषयी तक्रार नाही. शेजारच्या खाटेवरील आजींना तो शोभून दिसतो. मी तो घातला, की हात कुठे ठेवावेत तेच मला कळत नाही.

६. हा अर्ज मंजूर होईल, असे वाटत नाही. न झाल्यास, ज्यांना त्या पँटी मिळतील त्यांना एवढे तरी कळवावे, की राखाडी पँटच्या उजव्या खिशाची शिवण कच्ची आहे. त्यात जड काही ठेवू नये.

तसदीबद्दल क्षमा मागणारी,
(सही)
खाट क्र. १७, महिला मजला
गुरुवार, दि. १४