आत कुणाचं पोर होतं

मलकापूर,
२१ ऑगस्ट २०२५

ती. विजयसिंह मामांस,
यशराजचा शि. सा. न. वि. वि.

मागची काच फुटून माझ्या मांडीवर पडली आणि शिवांशचं डोकं स्टेअरिंगवर गेलं, त्या क्षणाला माझं सगळं बदललं. तोवर मला एक मामा होता.

आई म्हणते, आधी खुशाली लिही. लिहितो. दंडाला टाके पडलेत, कान अजून वाजतोय. पण हे तुम्हाला ठाऊकच हाय, कारण गाडी ओढ्याच्या कठड्यावर आदळल्यावर दार उपसून मला बाहेर काढणारे तुम्हीच. पिस्तूल हातात तसंच, आणि तोंडानं एकच, की तू ह्यात कसा. शिवांश कसा हाय, हे तुम्ही विचारलं न्हाय. कदाचित बघूनच कळलं असंल. मला मात्र दवाखान्यात पोचेपर्यंत कळलं नव्हतं, मी त्याच्याशी बोलतच होतो.

माझा फोन पंचनाम्यात जमा हाय आणि आईच्या फोनवर आपण दोघं नुसत्या शिव्या घालतो, म्हणून तिनं माझ्यापुढं कागद ठेवलाय. तर कागदावर विचारतो. भर दुपारी, रिकामी पिकअप, कोल्हापुरात खत भरायला निघालेली. चालवणारा मालकाचा पोरगा, शेजारी मी हमाल. आमचा गुन्हा काय?

गणपती तोंडावर आलेत. ह्या दिवसांत आमच्या रस्त्याला दोरी आडवी धरून कोण उभं असतं? वर्गणीची पोरं. दोरी दिसली की ब्रेक मारायचा न्हाय, दामटायची, पोरं आपसूक दोरी सोडतात. बांबवड्यापर्यंतचा प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो. तुमची पोलीस माणसं साध्या कपड्यात. खाकी न्हाय, टोपी न्हाय, बॅरिकेड न्हाय. झाडाला बांधलेलं दोरीचं एक टोक, दुसरं एकाच्या हातात. शिवांश हसला, म्हणाला की ह्या मंडळानं काल एकदा लुटलंय, आज न्हाय थांबत. हेच त्याचं शेवटचं बोलणं. रामलिंगकाकांना मी अजून हे सांगितलेलं न्हाय. पोरगा हसत गेला हे ऐकून बापाला बरं वाटतं का वाईट, मला कळत न्हाय.

उत्तर लिहा. लोभाचं पुढं बघू.

आपला भाचा (आई म्हणते म्हणून),
यशराज

शाहूपुरी, कोल्हापूर,
२६ ऑगस्ट २०२५

चि. यशराज यास,
मामाचे अनेक आशीर्वाद, तुला नको असले तरी.

पत्र मिळाले. अक्षर सुधारले आहे. कॉलेज अर्धवट सोडले त्याच्या आधी असे लिहिले असतेस तर आज पोती उचलत नसतास.

तू मला गुन्हा विचारतोस. त्या दिवशी सकाळी एटीएम फोडून एक टोळी पांढऱ्या पिकअपमधून पळाली होती. गॅसकटर बरोबर, पहारेकऱ्याचे डोके फोडलेले. वायरलेसवर गाडीचे वर्णन आले, नंबर अर्धाच. बॅरिकेड सगळी गणपती आगमनाच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेलेली. खाकी बघून टोळी लांबूनच फिरली असती, म्हणून साधे कपडे, म्हणून दोरी. अशात पांढरी पिकअप येते आणि आम्हाला बघून वेग वाढवते. तू माझ्या जागी असतास तर काय केले असतेस? आरती म्हटली असतीस?

आणि वर्गणीचे मला शिकवू नकोस. गेल्या वर्षी मलकापुरात माझ्याच गाडीला दोरी आडवी घालून तूच उभा होतास. मी ब्रेक मारला होता.

तुला एक गोष्ट माहीत नाही किंवा तू लिहीत नाहीस. दोरीचे टोक आमच्या ठाण्याच्या शिपायाच्या, उदयसिंहच्या हातात होते. वर्गणीची पोरे दोरी सैल धरतात, कारण ती सोडायचीच असते. पोलिसाला सोडायची नसते. त्याने ती मनगटाला गुंडाळली होती. दोरी तुमच्या बंपरला अडकली, झाडाकडची गाठ सुटली आणि पोरगा फरफटत निघाला. त्याचा खांदा निखळला आहे. गेल्या साली नाक्यावर पिराजी हवालदार वाळूच्या डंपरखाली गेला तेव्हाही माझ्या कमरेला पिस्तूल होते. तेव्हा मी नियम आठवत बसलो. पिराजीला मी पोत्यात गोळा केला आहे. दुसऱ्यांदा करणार नव्हतो.

मी टायरवर नेम धरला होता. ती गाडी तशीच पुढे शाळेच्या गर्दीत शिरली असती तर तूच पेपरात लिहिले असतेस, पोलीस झोपले होते काय. आणि एक सांगतो, ते खरे मान. तू आत आहेस हे माहीत असते तर माझा हात उठलाच नसता.

ताईला नमस्कार. जखम ओली ठेवू नको.

तुझा मामा,
विजयसिंह

मलकापूर,
२ सप्टेंबर २०२५

ती. मामांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं शेवटचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं. आई रडली. तिला वाटलं, तुम्ही माया लिहिलीय.

मामा, तेच तर माझं म्हणणं हाय की! भाचा आत असता तर हात उठला नसता. मग उदयसिंहचं काय झालं असतं? शाळेच्या पोरांचं? तुम्ही दुसरी वाट काढलीच असती. पुढं वाघबीळच्या नाक्याला सांगितलं असतं, केर्लीला ट्रक आडवा लावला असता. म्हणजे दुसरी वाट होती. फक्त ती माझ्यासाठी होती, रामलिंगकाकांच्या पोरासाठी न्हाय. आत कुणाचं पोर हाय, ह्यावर गोळी ठरते व्हय?

आणि टायरचं कुणाला सांगता? खड्ड्यातनं उड्या मारणारी गाडी, तुम्ही पळताय, आणि म्हणे टायर. ती गोळी मानेत बसली. वर ड्रायव्हरला गोळी लागली की गाडी थांबत नसती मामा, मोकाट सुटती. तिथं ओढ्याचा कठडा होता म्हणून मी हाय. कठड्याच्या जागी तुमची ती शाळेची पोरं असती तर?

आता दुसरं. तुम्ही कागदावर लिहिलं न्हाय, आईच्या तोंडी निरोप पाठवलात. प्रांतसाहेबांच्या चौकशीत मी म्हणायचं की आरशात बघितलंच न्हाय, समोर बघत होतो. एवढं म्हटलं की दिवाळीत अनुजाची आणि माझी सुपारी फोडायला तुम्ही मोकळे. आईनं हे सांगताना माझ्याकडं बघितलं न्हाय, भांडी घासत सांगितलं.

माझं जावळ तुमच्या मांडीवर काढलं. मामाची पोरगी भाच्याची, हे तुम्हीच जेवणावळीत दहा जणांपुढं बोललेला. मी त्या शब्दावर जगलोय. अभ्यास कसला करणार, शाहूपुरीत तुमच्या दारासमोरच्या दुकानात उगाच झेरॉक्स काढत उभा असायचो. एकाच आधारकार्डाच्या एवढ्या झेरॉक्स काढल्या की दुकानदारानं शेवटी विचारलं, पावणं, कितीजणांस्नी जामीन राहताय? अनुजा गॅलरीत येऊन हसायची. कॉलेज गेलं त्याचं मला अजून वाईट वाटत न्हाय. आणि तुम्ही तिला खुशाल आमिषाला लावलीत? पोरगी हाय ती तुमची!

मी आरशात बघितलं. काय बघितलं ते प्रांतसाहेबांना सांगीन.

मामींना नमस्कार. तुम्हाला पत्राची रीत म्हणून.

यशराज

शाहूपुरी,
१० सप्टेंबर २०२५

यशराज,
स. न. वि. वि.

बाबांना न सांगता लिहितेय. तुझी पत्रं आणि बाबांच्या उत्तराचा कच्चा कागद, दोन्ही मी वाचलं. आमच्या घरात बाबांच्या खिशात काय आहे हे कपडे धुणाऱ्याला आधी कळतं.

तुम्ही दोघं माझ्यावरून बोली लावताय आणि मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून न विचारता सांगते. बाबा आजकाल जेवायला बसतात आणि पहिला घास घेऊन उठतात. उदयसिंहदादा हात गळ्यात बांधून रोज येतो, बाबांच्या पाया पडतो, साहेबांमुळं वाचलो म्हणतो. तो आला की बाबा आत जातात. उपकार मानणाऱ्याला कुणी असं टाळतं का? मला जे कळायचं ते त्यावरून कळलं. पण ते माझे बाबा आहेत. माझ्या बारावीला वर्गाबाहेर उन्हात तीन तास उभे होते, ड्युटी बुडवून.

तू खोटं बोललास तर मी तुझं तोंड बघणार नाही. शिवांशच्या आईच्या समोरून तुझ्या हाताला धरून मलकापुरात यायची मला लाज वाटेल. आणि खरं बोललास, बाबांना घेऊन गेले, तर त्यांना तसं टाकून तुझ्या घरी नांदायला यायचं धाडस माझ्यात नाही. म्हणजे दोन्हीकडून नाही. हे कुणीतरी तुला सरळ सांगायला हवं होतं, तर मीच सांगते. माझा हिशेब मनातून काढ आणि मग काय बोलायचं ते ठरव. तुझं डोकं तापट आहे, निदान एकदा गार डोक्यानं काही कर.

झेरॉक्सवाला विचारत होता तुझं. नोकरी लागली म्हणून सांगितलं.

अनुजा

शाहूपुरी,
१७ सप्टेंबर २०२५

चि. यशराज यास आशीर्वाद.

मंगळवारी सुनावणी आहे. आधी घरी ये. समोरासमोर बोलू. पंचवीस वर्षे नोकरी केली, एका दुपारवरून मला मोजू नकोस. भाचा म्हणून आलास तर ताट वाढलेले असेल. साक्षीदार म्हणून येणार असशील तर तिकडूनच परस्पर जा.

मामा

शाहूपुरी, तुमच्याच घरात,
२३ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
नमस्कार इथूनच, भिंतीपलीकडून.

तुम्ही बोलावलं म्हणून आलो. मामी म्हणाल्या, देवघरात बसलेत, घटाला माळ घालून येतील. मी खिचडी खाल्ली, चहा प्यालो. तुम्ही आला न्हाईत. देवघराच्या दाराला कान लावला तर आत पोथीचा आवाज पण न्हाय. अनुजा मैत्रिणीकडं गेलीय म्हणे. तिची चप्पल दारातच हाय. असू दे.

वेळ झाली, म्हणून मामींकडनं हा कागद मागून घेतला. तिकडं काय बोलणार ते आधी तुम्हाला सांगून जातो. मागून वार करायची मला सवय न्हाय.

दोरीचं सांगणार. बॅरिकेड न्हवती, गणवेश न्हवता, आम्हाला वर्गणी वाटली, हे सांगणार. दोरी बंपरला अडकली आणि उदयसिंह ओढला गेला, हे पण सांगणार, तुमच्या बाजूचं हाय म्हणून गिळणार न्हाय. त्याची किंकाळी ऐकून शिवांशचा पाय ब्रेककडं गेला. गाडी हळू झाली. मी आरशात बघितलं तर उदयसिंह रस्त्यात बसलेला, हात पोटाशी धरून. दोरी आमच्या बंपरला लोंबत होती आणि तिच्या टोकाला कुणी न्हवतं. तुम्ही त्याच्याजवळनं पळत पुढं आला. त्याला तुम्ही बघितलं मामा. खाली बघून मग हात वर केला. मग गोळी.

ती उदयसिंहसाठी न्हवती. पिराजी हवालदारासाठी असंल तर त्याचा डंपर वेगळा होता.

माझ्या बोलण्यानं तुमचं काय होईल मला ठाऊक न्हाय. तुमची माणसं मला खोटं पाडतील, कॉलेज सोडलेला टवाळ म्हणतील, पोरीसाठी सूड घेतला म्हणतील. म्हणू देत. पोरगी तर गेलीच. तिच्यासाठी गप्प बसलो असतो, एवढं तिला कधी सांगू नका. तिनंच मला ती सोय ठेवली न्हाय.

रामलिंगकाका प्रांत कचेरीच्या पायरीवर बसलेत. त्यांना मी अजून सांगितलेलं न्हाय, की गोळी चालवली तो माझा मामा हाय. आज तेही त्यांना तिथंच कळंल, माझ्याच तोंडून.

मामींना सांगा, खिचडी चांगली होती. लोभ राहिला तर राहिला, मी मागत न्हाय.

पत्र टीव्हीपाशी ठेवतोय. बाहेर आलात तर दिसंल. मी चाललो. दार ओढून घेतो, आतनं कडी तुमची तुम्ही घाला.

यशराज