प्रत्येकाची वेगळी स्क्रीन

सोमवार, ३ जून
नोकरी पक्की. मालकांनी सकाळी स्वतः फोन करून सांगितलं आणि दुपारी मी रुजूसुद्धा झालो. सुट्या भागांचं गोदाम, खिडकीजवळचं टेबल, चहा बरा. काम एकच: साठ्याचा प्रोग्राम सावरायचा. कोड बिघडलाय, बटण दाबलं तरी ढिम्म. आधीच्या प्रोग्रामरची अक्कल पाहून करमणूक झाली. एकाच स्क्रीनच्या नकला काढून त्याने प्रत्येक कर्मचाऱ्याला नावानिशी वेगळी स्क्रीन दिलीय. स्टोअर सांभाळणाऱ्या मावशींच्या स्क्रीनवर तर फुलंही आहेत. त्या कौतुकाने सांगत होत्या, नवा माणूस यायचा असला की तो आधी त्याची स्क्रीन करायचा, मग खुर्ची मागवायचा. सगळाच आनंद आहे.

मंगळवार, ४ जून
उपाय सरळ आहे. नवी कोरी फाइल घ्यायची, धड असेल तेवढंच तिच्यात आणायचं, कचरा मागे ठेवायचा. एकच स्क्रीन सगळ्यांना पुरे. मालकांची शाबूत होती, ती घेतली. तसं त्यांना लिहूनही दिलं. पहिली चाचणी मावशींच्या संगणकावर. फुलं गेली म्हणून कुरकुरल्या. म्हटलं, होईल सवय.

बुधवार, ५ जून
मावशी आल्या नाहीत. हिशेब बघणाऱ्या अण्णांना विचारलं, तर म्हणाले, कोण मावशी? थट्टेलाही काही दर्जा असावा. मावशींच्या जागी खोकी रचलेली. खोक्यांवर जुनी, घट्ट धूळ. संध्याकाळी अण्णांच्या संगणकावर नवी फाइल बसवली.

गुरुवार, ६ जून
अण्णा नाहीत. टेबलही नाही. मालक म्हणतात, हिशेब पहिल्यापासून ते स्वतःच बघतात.
जुनी फाइल उघडली. मावशींची स्क्रीन गायब. अण्णांचीही. बाकीच्यांच्या आहेत. शेवटची माझ्या नावाची — मी यायच्या आधीची तारीख —

शुक्रवार, ७ जून
मालकांना हात जोडले, नवी फाइल नको म्हटलं. ते हसले. म्हणाले, "अहो, एक स्क्रीन पुरे, बाकी कचरा, हे तुम्हीच लिहून दिलंत ना?"
नव्या फायलीत माझी स्क्रीन करतोय. नाव टाकतो, सेव्ह करतो — रिकामं. पुन्हा. रिकामं.
उद्या गोदाम उघडलं की मालक स्वतः सगळ्या टेबलांवर नवी फाइल बसवणार. सुरुवात माझ्यापासून. मग पॅकिंगवाल्या ताई, ड्रायव्हर, आणि मग इथे फक्त —