घोडीचा दोर आणि बिनगेरची गाडी

आबा, मला गाडी चालवता येते. बिनगेरची स्कूटर आहे, पण स्वतःची आहे, आणि लायसनही काढलंय. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, "कुनाची हाय?" मग तिच्याभोवती एक चक्कर मारून, सीट दाबून बघून म्हणाला असतात, "चारा न्हाई खात, येवढं बरं हाय." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझेच केस आता तुमच्यासारखे पांढरे दिसायला लागलेत, तरी काही नवीन घडलं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. म्हणून लिहायला बसले. तुम्ही मला मेंढरांमागून काढून आळे गावी आत्याकडे शाळेला ठेवलंत, त्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

गाडीचं खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. मी वाड्यावस्त्यांवर जाऊन शेळ्यामेंढ्यांना लस टोचते. तुम्ही पाला ठेचून रस पाजायचात, मी सुई घेऊन जाते. हे काम मला मनापासून आवडतं. बुजलेली मेंढी कशी धरायची, हे मला कुणाला शिकवावं लागलं नाही. अडचण होती ती जाण्यायेण्याची. लस बर्फाच्या डब्यात न्यावी लागते, आणि मी तो डबा मांडीवर घेऊन फाट्यावर जीपची वाट बघत बसायची. कधी जीप यायचीच नाही, आली तर खच्चून भरलेली. वस्तीवर पोहोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असायचं. मग तिथल्या बायांनी सकाळपासून माझ्यासाठी कोंडून ठेवलेल्या शेळ्या तशाच सोडायच्या आणि मी मान खाली घालून परतायचं. शेवटी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, काम तुमचं लई चांगलं हाय, पण गाडीचं आन लायसनचं बघा. न्हाईतर डोंगराकडच्या वस्त्या दुसऱ्या बाईला द्याव्या लागतील." डोंगराकडच्या वस्त्या म्हणजे आपलीच माणसं, आबा. तुमची लेक म्हटलं की अजून चुलीवर चहा ठेवणारी. ती मला सोडायची नव्हती.

शिकले सुनेच्या गाडीवर. ती मंचरची, कॉलेजात असल्यापासून हायवेच्या गर्दीत ट्रकच्या शेजारून गाडी काढणारी पोरगी. रोज सकाळी ती मला लेण्याद्रीच्या अलीकडच्या माळावर नेई, मला पुढे बसवी आणि स्वतः मागे बसून माझे खांदे धरी. आणि रोज माझी एकच चूक होई. गाडीने जरा वेग घेतला की मला भीती वाटे, आणि भीती वाटली की मी दोन्ही हात छातीकडे ओढून तोंडाने म्हणे, "हो... हो..." आपली घोडी अशीच थांबायची ना! या गाडीचं उलटंच. उजवी मूठ मागे आली की ती जास्तच पळते. मी ओढतेय म्हणून ती पळतेय, ती पळतेय म्हणून मी आणखी ओढतेय, आणि सून मागून कानात ओरडतेय, "आई, वढू नका! मूठ सोडा! ब्रेक, ब्रेक!" एकदा आम्ही दोघी थेट एकाच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हे तर जेवताना म्हणाले, "गाडीला लगाम बसवून आणू का?" मी भाकरी तव्यावरच ठेवून उठले. रागही आला होता आणि हसूही.

हसू पुढे मावळलं. मंचरला लायसनचा कॅम्प लागला होता. मैदानावर पांढऱ्या फक्कीने भला मोठा आठचा आकडा काढलेला, त्याच्या आतून गाडी काढायची, पाय टेकला की नापास. माझ्या पुढची कॉलेजची पोरं भुर्रकन निघून जात होती. माझा नंबर आला. पहिलं वळण नीट झालं. दुसऱ्या वळणावर रस्त्यावरून कांद्याचा ट्रक भोंगा वाजवत गेला, मी दचकले, आणि हात गेले ना मागे. फक्की ओलांडून मी साहेबांच्या टेबलाकडे निघाले. साहेब खुर्ची सोडून उठले. कसेबसे पाय टेकून, ब्रेक दाबून थांबले तेव्हा ते म्हणाले, "मावशी, थांबायचंय का उडायचंय? जा, सराव करून या." पोरं हसली. घरी येताना सून पुढे आणि मी मागे, तिच्या पाठीला डोकं टेकून. वाटलं, वस्त्या गेल्या हातच्या.

त्यानंतर दोन-चार दिवस मी गाडीला हात लावला नाही. आणि एका दुपारी, शेळीच्या पायातला काटा काढता काढता, तुम्ही आठवलात. दिवाळी झाली की आपलं बिऱ्हाड माळशेजने कोकणात उतरायचं. तुम्ही मेंढरांबरोबर पुढे, आणि मी आईच्या मागे घोडीचा दोर धरून. घोडीवर तंबू, भांडी, वर कोंबड्या, पिशवीत कोकरं. सगळा संसार घोडीवर आणि आम्ही पायी. मी एकदा म्हटलं, "मला बसू द्या की." तुम्ही फटकारलंत, "घोडी वझ्याला हाय, मिरवायला न्हाई!" मी दिवसभर तोंड फुगवून चालले. पण संध्याकाळी तळ पडला, ओझं उतरलं, आणि तुम्ही मोकळी घोडी पाण्यावर न्यायला निघालात तेव्हा मला उचलून तिच्यावर बसवलंत. दोर माझ्या हातात दिलात. मी भीतीने तो इतका ताणला की घोडी जागच्या जागी गोल फिरायला लागली. मी किंचाळतेय आणि तुम्ही तंबाखू मळत शांत उभे आहात. म्हणालात, "हात ढिला सोड. तू वढती म्हनून ती भेती." मी हात ढिला सोडला. घोडीने मान खाली घातली आणि सरळ पाण्याकडे चालायला लागली.

शेळीचा पाय हातात धरून मी रडले, आबा. ओढायची सवय मला घोडीने लावली असं मी साऱ्यांना सांगत होते, आणि तुमचं सांगणं तर नेमकं याच्या उलट होतं. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हटलं, "चल माळावर. आज तू खाली उभी राहा."

पुढच्या कॅम्पला साहेब तेच होते. मला बघून त्यांनी आधी टेबल मागे सरकवून घेतलं. मी गाडीवर बसले. वळण आलं, हात मागे यायला निघाले, आणि मी मनात नाही, चांगलं मोठ्याने म्हटलं, "हात ढिला सोड." मूठ आपोआप पुढे गेली, गाडी मऊ झाली आणि आठच्या पोटातून अलगद बाहेर आली. साहेबांनी विचारलं, "मावशी, कुणाशी बोलत होता?" मी म्हटलं, "वडलांशी." त्यांनी कागद पुढे ओढून सही केली. मग म्हणाले, "पास." फाटकापाशी उभी असलेली सून इतक्या जोरात ओरडली की पोरं माझ्याऐवजी तिच्याकडेच बघायला लागली.

आता बर्फाचा डबा माझ्या दोन पायांच्या मधे बसतो, जणू ती जागा कुणी त्याच्यासाठीच ठेवलीय. वस्तीवर पोहोचले तरी बर्फ खडखडत असतो. वाटेत एखादं बिऱ्हाड दिसलं की मी गाडी बंद करून बाजूला उभी राहते, मेंढरं जाऊ देते, आणि मग निघते. पाहिजे तिथे थांबावं, पाहिजे तेव्हा निघावं, कुणाला विचारायला नको. एवढ्यासाठीसुद्धा माणसाने गाडी शिकावी.

हे पत्र टाकायला पेटी कुठली शोधू? सीटखालच्या डिकीत ठेवते, तुम्हीही फिराल माझ्याबरोबर. घरात सगळ्यांना वाटतं, गाडी मी कामासाठीच घेतली. पण गेल्या रविवारी लस नव्हती, काम नव्हतं, आणि मी नवं लुगडं नेसून माळशेजच्या रस्त्याने पार आपल्या तळाच्या जागेपर्यंत जाऊन आले. मिरवायला गेले होते, आबा.