शोरूममधली जांभळी

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
निश्चय झाला. ३० तारखेला बाबा रिटायर होतात. एकतीस वर्षं साहेबांची गाडी चालवली. स्वतःच्या गाडीत एकदाही बसले नाहीत, कारण ती नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी पाचला ऑफिसच्या गेटसमोर नवीकोरी गाडी उभी असेल. बाबा मागच्या सीटवर, साहेबांसारखे. चालवणार मी.
दोनच गोष्टी बाकी आहेत. गाडी आणि ड्रायव्हिंग.

२ नोव्हेंबर, रात्री जेवणानंतर
आईला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, गाडीतलं तुझ्या बाबांएवढं गावात कुणाला कळत नाही, त्यांनाच विचार की. आईचं हे असं. ज्याला सरप्राइज द्यायचं त्यालाच विचारायचं! मी घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे. समाजशास्त्र, फर्स्ट क्लास. सर्व्हेच्या कंपनीत प्रश्नावल्या तयार करते. माहिती कशी काढतात हे मला कुणी शिकवायला नको.

५ नोव्हेंबर
तीन शोरूम पालथे घातले. सगळीकडे दोन महिन्यांचं वेटिंग. चौथ्यात, अगदी मागे, खांबाच्या आड, कुंडीला खेटून एक गाडी उभी. रंग जांभळा. कॅटलॉगमधलं नाव ‘रॉयल प्लम’. सेल्समन (टायची गाठ कायम डाव्या कानाखाली, म्हणून यापुढे टायवाले) म्हणाले, ही आजही मिळेल, चौदा महिने कुणी विचारलेलीच नाही. का? तर म्हणे रंग.
मी जागच्या जागी थबकले. फक्त रंगावरून? माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर होता. ही गाडी नव्हे, हा वंचित घटक आहे.
चौदा महिने म्हणजे जुनी नाही का, असंही मी स्पष्ट विचारलं. टायवाले म्हणाले, छे हो मॅडम, नवीनच आहे, फक्त मुरलीय.

६ नोव्हेंबर
भावनेच्या भरात निर्णय घ्यायचा नाही. प्रश्नावली तयार केली. एक्केचाळीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय. इंजिन, बॅटरी, टायर, दारं, काचा, सगळं आलं. माहिती ज्याच्याकडे असते त्याच्याकडूनच भरून घ्यावी हे शास्त्र. म्हणून टायवाल्यांना दिली. बॉनेट उघडून दाखवू का, असं ते म्हणत होते. मी म्हटलं, निरीक्षणात पूर्वग्रह येतात, तुम्ही भरा.
चार मिनिटांत भरून दिली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उत्तरं ‘समाधानकारक’. ‘भरणाऱ्याचे नाव’ या रकान्यातही त्यांनी ‘समाधानकारक’च लिहिलंय. कामात माणसाने इतकं तल्लीन व्हावं.

९ नोव्हेंबर, दुपारी २.४०
न सांगता गेले. फील्डवर्कमध्ये अचानक भेटीला महत्त्व आहे.
पुढची डावीकडची सीट पूर्ण आडवी. त्यावर उशी, चादर, आणि चादरीत टायवाले. दचकून उठले. म्हणाले, कम्फर्ट टेस्ट चालू आहे, रोज दोन ते चार, गेले चौदा महिने. कुठल्या गाडीची एवढी कसून चाचणी झाली असेल? डिकीत आख्ख्या स्टाफचे डबे आणि सात छत्र्या. जागा किती आहे ते आपोआपच कळलं.
बुक केली. चार वर्षांची बचत एका सहीत गेली.

१२ नोव्हेंबर
आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहते. आईने तिला फोटो दाखवला. आत्याने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. म्हणाली, गुडघा फुटला की दुसऱ्या दिवशी असाच दिसतो. पुढे म्हणाली, पोरी, नवरा आणि गाडी, जे चौदा महिने कुणी नेलं नाही ते आपण नेऊ नये. मी शांतपणे म्हटलं, आत्या, ही मानसिकताच बदलायची आहे. ती म्हणाली, मानसिकता बदल गं, पण आधी रंग बदलून दे म्हणावं.
बाबांना सांगणार नाही, अशी शपथ घेतलीय तिने. मागच्या तीन शपथांचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर
बाबांकडून तज्ज्ञ मत घेतलं, त्यांना कळूही न देता. ते बूट पुसत होते. मी सहज विचारलं, समजा, हं, केवळ समजा, एखादी गाडी चौदा महिने जागची हललीच नाही तर? बाबा म्हणाले, माणूस चौदा महिने उभा राहिला तर काय होईल? पाय आखडतील, डोकं बंद पडेल, आणि पोटात उंदीर घर करतील.
म्हणजे जिवाला धोका काही नाही.

१७ नोव्हेंबर
ड्रायव्हिंगचे सर फार अबोल आहेत. आज बोलले. म्हणाले, ताई, ब्रेक माझ्याकडेही आहे म्हणून मी जिवंत आहे. हे कौतुकच, फक्त त्यांच्या पद्धतीचं. लर्निंग लायसन मागच्याच महिन्यात काढून ठेवलंय. पक्कं २४ला.

२४ नोव्हेंबर
टेस्टमध्ये नापास. सविस्तर लिहायला हवं, कारण चूक माझी नाही.
चौकात मी सायकलवाल्याला वाट दिली. मग आजीबाईंना. मग शाळेची रांग आली, ती कशी तोडायची? मग एका कुत्र्याचं ठरत नव्हतं. एकूण अकरा मिनिटं. तपासनीस म्हणाले, बाई, तुम्हाला गाडी चालवायचीय की चौक? मी म्हटलं, रस्ता सर्वांचा आहे. ते म्हणाले, मग उतरा आणि सर्वांबरोबर चाला.
व्यवस्थेला संवेदनशील चालक नकोत. पुढची तारीख डिसेंबरात.

२५ नोव्हेंबर
प्लॅनमध्ये किंचित बदल. नियम वाचला. लर्निंगवर चालवताना शेजारी लायसनवाला माणूस हवा. बाबांकडे लायसन आहेच. ‘शेजारी’ हा शब्द जरा व्यापक घेतला की झालं. आपल्या शेजारच्या काकू तर भिंतीपलीकडे असतात.

२८ नोव्हेंबर
सगळे कागद हातात आले. निरोपाला आख्खा स्टाफ गाडीभोवती जमला. डिकीतून डबे काढताना कॅशियर बाईंचे डोळे भरून आले. टायवाले सीटवरून हात फिरवत म्हणाले, आता दुपारी जायचं कुठे? एका गाडीने किती माणसं जोडली!
सीट काही उभी होईना. तिघांनी जोर लावला. टायवाले म्हणाले, सवय आहे तिला, आपोआप येईल वर. परवा ते स्वतः गाडी ऑफिसच्या गेटपर्यंत आणून देतील.

२९ नोव्हेंबर
उद्याची तयारी. बाबांसाठी दोन वाक्यांचं भाषण पाठ केलं. बॉनेटला लाल रिबन. जांभळ्यावर लाल जातं का, असं आईने विचारलं. जातं.

३० नोव्हेंबर, रात्री ९.३०
सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बारीकसारीक फरक सोडले तर.
टायवाले सव्वाचारलाच गाडी लावून, उशी काखोटीला मारून बसने गेले. बाबांना लांबून दिसावी म्हणून मी हेडलाइट, चारही इंडिकेटर, पंखा आणि गाणी चालू ठेवली. एसीचं बटण सापडलं नाही. बाबा पाचला यायचे ते सहाला आले, हातात गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ. मी भाषणातलं पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं आठवेना. गाडीत लावलेली किल्ली दाखवली.
बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. टायरजवळ उकिडवे बसले, त्यावरचे बारीक आकडे वाचले. म्हणाले, हिचा पहिला वाढदिवस होऊन गेलाय. मग आत डोकावले आणि एकदम हसायला लागले. म्हणाले, अगं, ही तर जांभळी! हिला आम्ही सगळे ड्रायव्हर ओळखतो. साहेबांची गाडी सर्व्हिसिंगला नेली की मीसुद्धा हिच्यातच पडायचो तासभर. छान झोप लागते.
म्हणजे बाबांची पसंती आधीपासूनच होती.
मी मागचं दार उघडलं. बाबा बसले. खरंच बसले, माझ्या मागे, घड्याळ मांडीवर, पाठ ताठ. थोड्या वेळाने म्हणाले, इथून रस्ता दिसतच नाही गं, नुसतं तुझं डोकं दिसतंय. मग म्हणाले, म्हणजे साहेबांनी एकतीस वर्षं माझं डोकंच पाहिलं म्हणायचं. आधी कळतं तर रोज नीट भांग पाडला असता.
मी किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक. दिवे, गाणी, सगळं विझलं.
बाबा मागे कडीशी खटपट करत होते. मागच्या सीटची सवय नाही बिचाऱ्यांना. मी उतरून बाहेरून दार उघडलं. ते पुढे येऊन बसले आणि म्हणाले, ढकल. मी, वॉचमन आणि दोन शिपाई. लाल रिबन वॉचमनच्या गळ्यात आली. गेटपासून कोपऱ्यापर्यंत आम्ही धावलो. कोपऱ्यावर गाडीने खोकला काढला, धूर सोडला, सीटखालून एक उंदीर उडी मारून गेला आणि ती चालू झाली.
बाबांच्या शेजारी बसायला गेले तर पुढची सीट झोपलेली. म्हणून मी मागे, बाबांच्या मागे बसले. बाबांच्या डोक्यावर मागच्या बाजूला रुपयाएवढं टक्कल आहे. मला माहीत नव्हतं. घरी येईस्तोवर मी तेच बघत होते. चौकात ते कुणासाठी थांबले, कुणासाठी नाही, पण कुणी हॉर्न वाजवला नाही.
घरासमोर आत्या गॅलरीत उभीच होती. बाबा उतरले, मागे आले, माझं दार उघडलं आणि बाजूला सरळ उभे राहिले. आत्या वरून ओरडली, या या बाईसाहेब! तेव्हापासून आख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलीय की साहेब सुटले, पण सवय सुटली नाही.
तसं काही नाही. बाबांनी सवयीने दार उघडलं नाही. ते दार आतून उघडतच नाही.
आत्ता प्रश्नावली काढून पाहिली. प्रश्न क्रमांक तेवीस : सर्व दारे आतून-बाहेरून उघडतात का?
समाधानकारक.