लादानियाच्या बागेविषयी माझी अखेरची व्यवस्था

पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे स्मरण करून मी, पोलिख्रोनिस वार्दाकिस, वय एक्याऐंशी, निवृत्त शिक्षक व आमच्या देवळाचा स्तोत्रगायक, कुबडीवर उभा असलो तरी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भिडेखातर नव्हे, हे लिहून ठेवतो. सर्वस्व धर्मपुत्र मानूसोसच्या नावे करणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

एक. टेकडीवरची बाग, जिथे तीस वर्षे मी केवळ आमच्या डोंगरांतली झाडे लावली व मुलांना ओळखायला शिकवली, ती शिक्षिका आर्गिरो सिगानाकी हिला मिळावी. तिने ती सर्वांस खुली ठेवावी.

कारण लिहिण्याची गरज नाही, असे नोटरीबाई म्हणतात. मला आहे. बागेत लादानियाची चाळीस झुडपे होती. भर दुपारच्या उन्हात चामडी पट्ट्यांच्या दाताळ्याने ती झोडपावीत, पट्ट्यांना चिकटलेली राळ खरवडून देवळात धुपाला द्यावी, हे मानूसोसला मी आठव्या वर्षी शिकवले. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी इस्पितळात असताना त्याने ती सारी उपटली आणि पुनरुत्थानाच्या सणाला देवळापुढे ख्रिस्ताचा घात करणाऱ्या यहूदाचा पुतळा जाळतात, त्या होळीत घातली. सणापुरता घरी परतून मी प्रांगणात उभा होतो. सुवास आला, आत धूप फिरतो आहे असे समजून मी क्रुसाची खूण केली.

जुलैत, आजारानंतर प्रथमच बागेत चढून, मुलांसमोर झुडपांवर दाताळे चालवले. पट्ट्या कोरड्या.

“मास्तर, झाड रुसलंय वाटतं तुमच्यावर!” एक मुलगी म्हणाली. सगळी हसली. मी मानूसोसकडे पाहिले.

“अहो धर्मबाबा, ती चिकट झुडपं पाहुण्यांचे कपडे खराब करायची, घातली होळीत. त्यांच्या जागी लावलेली ही परदेशी जात बघा, फूल केवढं! नावाची पाटी तर तुमचीच ठेवलीय ना?”

“गाढवा, ती पाटी वाचून मुलं काय शिकली?”

“निदान जांभया तरी देत नाहीत आता.”

दोन. बरणीतले लादानियाचे बी आर्गिरोने पेरावे. आधी कढत पाण्यात बुडवावे. वणव्याचा चटका लागल्याखेरीज ते उगवत नाही. परदेशी झुडपे मागेल त्याला द्यावीत. त्यांचा दोष नाही.

तीन. घर व ग्रंथ देवळाला. संत बासिल यांचे दोन खंड झाम्बियाने नऊ वर्षांपूर्वी वाचायला नेले आहेत. ती खाली साक्षीदार म्हणून सही करीत आहे, तेव्हा नाकारणार नाही.

चार. भावांनी विकले त्या योसेफाला विकत घेणाऱ्या काफिल्याच्या उंटांवर, काही भाष्यकारांच्या मते, हीच राळ लादलेली होती. योसेफाने पुढे भावांना मिठी मारली खरी. पण ते त्याच्या दाराशी आले होते. मानूसोस दोन गल्ल्या पलीकडे राहतो व अद्याप आलेला नाही. माझ्या हयातीत आला, तर हा कागद मी स्वहस्ते फाडीन. नंतर आला, तर दार आर्गिरोचे असेल. उघडावे की नाही, हे तिने ठरवावे.

वाचून, समजून सही केली.
पोलिख्रोनिस वार्दाकिस

साक्षीदार: पापा-पार्थेनिओस, धर्मगुरू, झाम्बिया वुर्दाकी, मधपाळ, स्त्रातिस कुनालिस, सुतार
केफालोव्रिसो, क्रीट, ३ ऑगस्ट २०२३