गुलाबाईच्या गालावरचे वण

पारोळा, शके १८५३

भाद्रपद शु. १२
पौर्णिमेला पोरी बसवतात त्या गुलाबाई यंदा बाजारात नाहीत. मूर्ती करणारा कुंभार तापाने पडलाय. ठकी सकाळपासून फुगून बसलेली. सहा वर्षांच्या लेकीला काय समजावणार? म्हटलं, मीच करते. विहिरीकडची काळी माती आणायची, कापूस मिसळायचा. माहेरी पोळ्याचे बैल करायचे, तेवढाच काय तो हात.

शु. १४
गुलाबाईचा नवरा गुलोजी एका बैठकीत झाला. थेट तलाठ्यासारखा दिसतो. चालेल.
गुलाबाईचं तोंड करताना मात्र हात आपसूक अक्काकडे वळला. माझी थोरली बहीण, जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो नाही. इतकी वर्षं डोळे मिटले तरी तोंड दिसायचं नाही, आज बोटांखाली आलं. गालांवरचे देवीचे वणसुद्धा काडीने टोचले, त्याशिवाय अक्का कुठली. खूप रडले. बरं वाटलं.

पौर्णिमा
कोनाड्यात बसवली. सासूबाई बघायला पुढ्यात आल्या. "मनी थट्टा करस का?" एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.
मग उजेड पडला. त्यांचेही गाल तसेच. नऊ वर्षं रोज बघून बघून मला ते दिसेनासेच झालेत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वद्य १
अबोला. ओली माती घेऊन वण बुजवायला बसले. डावा गाल झाला आणि अक्का गेली, कुणी दुसरीच बाई. पुन्हा टोचले. ठेवावे तर सासूबाई दुखावतात. ह्यांना धुळ्याला पत्र लिहिलं, फाडलं. ते तरी काय सांगणार.

वद्य ४
त्या भाकरी थापत होत्या, त्यांच्या पाठीशीच बोलले. अक्काला देवी कधी आल्या, कशी हसायची, बाळंतपणात कशी गेली, सगळं. त्या थापत राहिल्या. संध्याकाळी पोरी गाणी म्हणायला आल्या, तेव्हा गुलाबाईला कुंकू त्यांनीच लावलं.

आश्विन पौर्णिमा
विसर्जन. अक्का पाण्यात विरघळली. वाटलं होतं तेवढं लागलं नाही, हाताला ती आता पाठ आहे.
परतताना सासूबाई माझ्यासाठी मागे राहिल्या. "देवी निंघनी तवय मी आठ वरीसनी व्हतू. त्याआधी कशी दिसू, सांगाले कोनी उरनं नही. तू मनं ते तोंड करशी का?"
हो म्हणून बसले.

वद्य २
अक्काला निदान पाहिलं होतं. हे तोंड मनानेच रचायचं. सकाळपासून दुसरं काही सुचत नाही.
दुपारी त्या आपणहून समोर बसल्या, पदर मागे सारून, डोळे मिटून. मी त्यांच्या गालाला हात लावून पाहिला. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच.
हनुवटी जमली. नाक अजून जमायचंय.