बंबात गेलेली कादंबरी

प्रिय आत्याआजी,

परवा दुपारी तुझी चौकशी करत एक मुलगी घरी आली. जुन्या काळातल्या शिक्षिका-लेखिकांवर पीएच.डी. करते आहे. म्हणाली, "आजी, एका जुन्या मासिकात त्यांच्या कादंबरीची जाहिरात मिळाली. कादंबरी मात्र कुठल्याच ग्रंथालयात नाही. तुमच्याकडे एखादी प्रत असेल ना?"

मी नाही म्हणाले. का नाही, ते सांगायला जीभ उचलेना. चहा घेऊन ती गेली, आणि आज मी तुला लिहायला बसले. आपल्या घरात तुला पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे गं. तुझ्या शेवटच्या वयापेक्षाही म्हातारी झाले!

घरात तुझ्याबद्दल एकच वाक्य बोललं जायचं. "आत्याला तरुणपणी लिहायची हौस होती, मग सुटली." हौस! लहानपणीच विधवा झालीस, भावाकडे राहून शिकलीस, मुलींच्या शाळेत मास्तरीण झालीस, आणि शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून अख्खी कादंबरी लिहिलीस. तिला हौस म्हणायचं?

मलाही खरं कळलं ते तुझ्या शेवटच्या वर्षी. निबंधात बक्षीस मिळालं म्हणून मी धावत तुझ्याकडे आले. तू तांदूळ निवडत होतीस. "आत्याआजी, मी तुझ्यासारखी लेखिका होणार!" मान वर न करता तू म्हणालीस, "लेखिका कधीच वारली. मास्तरीण तेवढी उरली." मग मला जवळ बसवून सगळं सांगितलंस.

तुझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. बापाने बाराव्या वर्षी तिला शाळेतून काढून एका बिजवराला दिली, आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. तू तिच्यावर कादंबरी लिहिलीस. नावं बदलली होतीस, पण पुणं केवढंसं होतं तेव्हा! सगळ्यांनी ओळखलं. शाळेच्या कमिटीने बोलावून सांगितलं, "बाई, आपण गणित शिकवता ना? मग गणितच शिकवावं." तू म्हणालीस, "गणितच मांडलंय. उत्तर चुकलं असेल तर दाखवा." हे सांगताना तू हसलीस. त्या दुपारी तेवढंच एकदा.

कमिटीला तू भ्यायली नाहीस. पण एके दिवशी त्या मुलीची आईच मागच्या दाराने तुझ्याकडे आली.

"बाई, माझी मोठी तर गेलीच. धाकटी अजून घरात आहे. या पुस्तकापायी तिला कोण करून घेणार? मागे घ्या हो ते."

तू तिला आत घेऊन बसवलंस. मग म्हणालीस, "घेते. पण धाकटीला मॅट्रिकपर्यंत शाळेतून काढायचं नाही. शब्द द्या."

तिने तुझ्या हातावर हात ठेवला.

विकायच्या राहिलेल्या सगळ्या प्रती तू छापखान्यातून घरी आणल्यास, विकल्या गेलेल्या दारोदार जाऊन मागून आणल्यास, आणि रोज सकाळी थोड्या थोड्या बंबात घातल्यास. कितीतरी दिवस घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तुझ्या कादंबरीवर तापलं. कुणी विचारलं नाही गं तुला, की आज काय जाळते आहेस?

मी तेव्हा रडतच विचारलं, "एक तरी प्रत लपवायचीस! कुणाला कळलं असतं?"

"मला," तू म्हणालीस.

आणि तिकडे काय झालं? धाकटी दोन वर्षं शाळेत आली. तिसऱ्या वर्षी यायची थांबली. तू बुधवार पेठेत तिच्या घरी गेलीस, तर ती आई डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्यातच उभी राहिली. "बाई, माझं चालत नाही हो घरात." आतून सनईवाल्यांशी बोलणी चाललेली ऐकू येत होती. तू तशीच परत फिरलीस. तिला टाकून बोलली नाहीस. का नाही बोललीस? मला आजही त्या बाईचा राग येतो. तुला कसा आला नाही?

"मग पुन्हा का नाही लिहिलीस?" हेही मी विचारलं होतं. तू ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवलास. "बसले होते लिहायला. पण मोठीचं लिहू लागले की डोळ्यांपुढे धाकटी यायची. तिला मी वाचवू शकले नव्हते. हात चालेना."

त्यानंतर कितीतरी वर्षं तू गणितच शिकवलंस. निरोपाच्या समारंभात तुला 'शिस्तप्रिय' म्हणाले, शाल दिली. कादंबरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

आत्याआजी, तू माझ्याकडून 'कुणाला सांगू नकोस' असं वचन घेतलं नव्हतंस. सांग असंही म्हणाली नव्हतीस. तरी एवढी वर्षं मी तुला सगळ्यांच्या तोंडी 'हौशी'च राहू दिलं.

त्या पीएच.डी.वाल्या मुलीला मी आज फोन करून बोलावून घेतलं आहे. कादंबरीतलं एक वाक्यही मी तिला देऊ शकणार नाही. ते गेलं ते गेलं. पण कादंबरी का उरली नाही, हे मी तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगेन, आणि लिहून घे म्हणेन. त्या दोघी बहिणींची नावं मात्र विचारू नकोस, असंही सांगेन. त्यांची नावं चारचौघांत येऊ नयेत म्हणूनच तू त्यांच्या आईला शब्द दिला होतास. तिने तिचा मोडला, तरी आपण आपला पाळायचा, हे माझं तुला वचन.

तुझीच,
सुमी